फोटोशिवाय बावीस सायकली

प्रिय प्रतिक्षा,

"सायकल पाह्यजे होती वं मले, फोटो नाही." नववीत तू एवढंच म्हणालीस आणि माझ्या बाकावरून उठून मागच्या रांगेत जाऊन बसलीस. बाबांच्या समाजसेवी क्लबाने तुला दिलेल्या सायकलीच्या हँडलवर नऊ जणांचे हात होते. सगळ्यात वर माझ्या बाबांचा. त्यांनी पुढे ढकललं म्हणून मीही घंटी धरून हसत उभी राहिले. फोटो पेपरात आला आणि शाळेतल्या पोरी तुला 'दानवाली' म्हणू लागल्या. ती सायकल घरीच ठेवून दहावीपर्यंत तू पायीच आलीस. मी रोज पाहायचे, पण काही बोलले नाही.

तुझा पत्ता परवा बाजारात तुझ्या भावाकडून, संघपालदादाकडून घेतला. चंद्रपूरच्या दवाखान्यात तू मोठी सिस्टर आहेस, नव्या पोरी तुला घाबरतात, असं तो कौतुकाने सांगत होता.

माझी बातमी अशी, की मोहाडीच्या त्याच क्लबाची यंदा मी अध्यक्ष आहे. अजूनही दर गुरुवारी सभा, तीच पितळी घंटा, तेच तर्रीपोहे. पहिल्याच सभेत मी ठराव मांडला, की यापुढे काहीही देताना फोटो काढायचा नाही. बाबांच्या वेळचे जागेश्वरकाका उसळले, "मंग अहवालाले काय लावू वं, माह्या नातीची लग्नपत्रिका?" सभागृह हसलं. ठराव पडणार हे दिसतच होतं.

तेव्हा मी वाटपासाठी आलेली एक नवी सायकल आत आणली. काकांना तिच्याजवळ उभं केलं आणि सगळ्यांना म्हटलं, या, हँडल धरा. गमतीगमतीत वीसेक हात पुढे आले. मी मोबाईल वर केला. "काका, हसा. खाली लिहिते, गरजू जागेश्वर." काकांनी तोंडासमोर हात धरला. "बस कर वं पोरी. पेपरात नोको देजो." एकेक हात खाली गेला. कुणी हसेना. मत घेतलं तेव्हा बाजूने सतरा, विरुद्ध चार. सतरांत काकांचा हात सगळ्यात उंच!

सोमवारी आंधळगावच्या शाळेत बावीस सायकली इतर सायकलींमध्येच लावून ठेवल्या. किल्ल्या वर्गशिक्षिकेने एकेकीला बोलावून दिल्या. हार नाही, भाषण नाही. आम्ही रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभे होतो. शाळा सुटली आणि पोरी आमच्यासमोरून भरारा निघून गेल्या. आमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. एकीने तर काकांनाच घंटी वाजवून बाजूला व्हायला लावलं. "पाह्यलं का, मलेच हटवलं!" म्हणत काका टपरीभर नाचले. प्रतिक्षा, इतकी मी आयुष्यात कधी जिंकले नव्हते.

त्याच संध्याकाळी सभागृहाच्या भिंतीवरचा आपला तो फोटो मी खाली काढला. तीस वर्षं तिथे होता. फाडायलाच काढला होता. पण त्यात तू आहेस, चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, आणि शेजारी मी. आपल्या दोघींचा दुसरा एकही फोटो माझ्याकडे नाही. बाकी सगळे हात कापून, फक्त आपण दोघी मी ठेवू का? तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी विचारते.

तुझ्या शेजारची जागा अजून न सोडलेली,
हर्षा