एका डोळ्याच्या देवाची बोली

नारायणगुडा, हैदराबाद
४ फेब्रुवारी २०२५

चि. शिवराज यास,
अ. उ. आ. वि. वि.

भांडण फोनवर करायचं नाही, शेजार ऐकतो, पत्रात करायचं, हा आईचा नियम. ती गेली तरी आपण तो पाळतो, म्हणून लिहितेय. नाहीतर रविवारीच तुला असा झापला असता की पुण्यापर्यंत फोनची गरज पडली नसती.

तू मराठीत आणलेली ती परदेशी मालिका पाहिली. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले जुने देव, शक्ती ओसरलेली, आता साध्या माणसांसारखे भाड्याच्या घरात राहतात, नोकऱ्या शोधतात. गंमत आहे, नाही म्हणत नाही. तिचे मराठी संवाद आपल्या शिवराजचे, म्हणून अप्पांनी कोण कौतुकानं माणसं जमवली. सुलतान बाजारातले, आपल्या कापडदुकानाशेजारचे एकनाथराव आले, वरच्या मजल्यावरचे पुण्याचे प्रमोदराव आणि शोभाताई आल्या. मी मिरचीभजी तळली. आणि पडद्यावर कोण यावं? सगळ्या देवांचा बाप, एका डोळ्याचा, आणि तोंडात शब्दन् शब्द अप्पांचा! नक्को म्हणलो ना, खालीपिली डोकं खायलास, हे सगळं. बाकीचे देव छान पुणेरी बोलतात, हसं करायला तेवढा एक हैदराबादचा.

शोभाताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांची नजर अप्पांकडे गेली, अप्पांच्या गेलेल्या डोळ्याकडे गेली, आणि त्या एकदम गप्प झाल्या. ते गप्प होणं मला जास्त लागलं.

तेव्हापासून अप्पा मोजकंच बोलतात. आज सकाळी चहा नको होता, तर जरा थांबून, मला चहा नको आहे, असं पाठ केल्यासारखं म्हणाले. जामबाग मोहल्ल्यात ज्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ओळखतात तो माणूस आता तोंड उघडण्याआधी माझ्याकडे बघतो, बरोबर आहे ना म्हणून. शिवराज, विकायला तुला बापच मिळाला का?

उरलेल्या भागांत त्या देवाला नीट बोलायला लाव. नाहीतर इकडे फिरकू नकोस.

लोभ आहे तो आहेच; राग उतरेपर्यंत तो मागू नकोस.

तुझी,
भाग्यलक्ष्मी


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मीही रागातच लिहितोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

त्या देवाची शक्ती गेली, भाड्याची खोली नशिबी आली, तरी हुकूम सोडायची ऐट गेली नाही. असा माणूस मी एकच पाहिलाय. दुकान बंद झाल्यावरही सुलतान बाजारात अनोळखी गिऱ्हाइकाला अडवून, हे कापड पहिल्या धुण्यात आटतं म्हणून दरडावणारा. देव कसा बोलेल हे शोधायला बसलो तेव्हा माझ्या कानात दुसरा आवाज आलाच नाही. मी विनोद लिहिला नव्हता गं! आमचे साहेब, कौस्तुभ म्हणून आहेत, त्यांनी नोकर-हवालदारांची सोंगं काढणारा आवाज आणून बसवला. ही बोली म्हणजे हशाच, असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं. मी तिथंच भांडलो. कोणी ऐकलं नाही.

आणि तू कुठल्या तोंडानं मला बोलतेस? प्रमोदराव जिना उतरताना दिसले की तुझं 'करायले'चं 'करतेय' होतं. मी पुण्याला निघालो तेव्हा स्टेशनवर, आधी जीभ सुधार, म्हणून कोणी बजावलं? अप्पा माझी बॅग धरून शेजारीच उभे होते. आजोबांसारखी बोललीस तर फटका देईन, हे तुझ्या लेकीला, सायलीला, कोण सांगतं? अप्पा बोलण्याआधी तुझ्याकडे बघतात, अक्का. का बघतात ते तूच बघ.

शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग अजून व्हायचंय. त्यात तो म्हातारा देव मरतो, पोरांचा निरोप घेतो. साहेब म्हणतात, मरणाचं दृश्य आहे, गंभीर आहे, तेवढ्यापुरती चांगली मराठी लिही. मी अजून एक ओळही लिहिलेली नाही. तुला हेच हवंय ना? कळव, तसं लिहितो.

अप्पांना नमस्कार सांग. तुला सांगवत नाही, तरी आहे.

तुझा,
शिवराज


नारायणगुडा
१५ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्या आणि चि. शिवा,
दोघांस आशीर्वाद, पण हात राखून.

भाग्यानं दोन्ही पत्रं मला वाचून दाखवली. वाचताना रडायली. मला रडू नाही आलं, राग आला. भांडण माझ्या तोंडाचं, आणि मलाच कोणी विचारायला तयार नाही!

हौ, लाज वाटली मला. शोभाताई हसली म्हणून नाही, ती भली बाई आहे. मला वाटलं, पोरगा पुण्याला जाऊन बापाचा तमाशा करायलाय. आता कळालं, तसं नाही. पण त्या आवाजवाल्याला अक्कल नाही ते नाहीच. मी काय असा नाकातून बोलतो?

तो देव म्हणे डोळा देऊन अक्कल घेऊन आला. माझा डोळा कापडाच्या गठ्ठ्याची लोखंडी पट्टी उडून गेला, फुकट गेला. अक्कल आली असती तर तुमच्या दोघांच्या कानाखाली वेळेवर वाजवलो असतो. भाग्या, आधी तुझ्या. स्टेशनवरचं मी विसरलो नाही.

शिवा, तुझ्या साहेबाला सांग, माणूस जिंदगीभर जे बोललं तेच मरताना बोलतंय. तुमची आई दवाखान्यात शेवटचं काय बोलली? जेवलाव का, इतकंच. कोणी हसलं का? त्या देवालाही तेच बोलू दे. पोरं जेवली का विचारू दे आणि डोळा मिटू दे. आहेच तो एक.

साहेब ऐकत नसेल तर तुझं नाव काढून घे आणि घरी ये. भाग्या काहीही लिहू दे, दार माझं आहे. आणि त्या आवाजवाल्याला मला फोन करायला लाव. पोटभर शिव्या घालतो. ऐकून शिकला तर शिकला.

भाग्या म्हणायली, अप्पा, हे पत्र मी जरा सुधारून लिहून देते. नक्को म्हणलो.

तुमचा, एका डोळ्याचा,
अप्पा