आरवलेली कोंबडी

प्रिय रविना,

गावातली कुणाली उद्या तुझ्या शहापूरला तिच्या मावशीकडे निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते आहे. वहिनीला एकाएकी पत्र लिहायची हौस कुठून आली म्हणून हसशील. हस, पण पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत घरी फोन करू नकोस. आपल्या घरातला फोन म्हणजे गावची चावडी. तू ‘हॅलो’ म्हटलंस की तो आईच्या मांडीवर जातो, बाबा ओटीवरून कान लावतात, आणि मला जे बोलायचं असतं ते गिळून मी ‘सगळं बरं आहे’ म्हणते. सगळं बरं नाही. मला आईबद्दल लिहायचं आहे. पण मला ते तुझ्या कवडीमुळे कळलं, म्हणून कवडीपासूनच सुरुवात करते. तू पोटुशी बाई, उभ्याने वाचू नकोस. बस कुठेतरी.

कवडी गेली. तू मुरबाडच्या बाजारातून ओंजळीत पिल्लू म्हणून घेऊन आली होतीस ती कोंबडी. लग्न ठरल्यावर तू तिला सासरी न्यायचा हट्ट धरला होतास आणि जीवनराव बिचारे नव्या सासऱ्यासमोर काय बोलावं म्हणून लाल झाले होते, ते आठवून आम्ही अजून हसतो. तू गेल्यावर ती तुझ्या जुन्या गोधडीवरच अंडी घालायची, खुराड्यात कधी घातली नाहीत. भाद्रपदात तिने अंडी देणं थांबवलं. पिसं झडत होती, वयही झालं होतं, म्हणून मी म्हटलं विश्रांती घेत असेल.

आता तुला माहीतच आहे, मी बचत गटाकडून पशुसखीचं शिक्षण घेऊन आल्यापासून गावात माझं नाव ‘कोंबड्यांची डॉक्टरीण’ पडलं आहे. बाबा तर पाहुण्यांसमोरही म्हणतात. पण अडलं की सगळे येतात. मागे शेजारच्या गंगीची कोंबडी शेपटी खाली टाकून सारखी आत-बाहेर करत होती. बसायची, कुंथायची, उठायची. गंगीने मसाला वाटायला घेतला होता, कारण आपल्याकडे अंडी न देणाऱ्या कोंबडीवर दुसरा इलाज कोणी करत नाही. आईने तिला बगलेत धरून बोटाने चाचपलं आणि म्हणाली, अंडं अडलंय. मी कोमट पाण्याच्या घमेल्यात तिला पोटापर्यंत बसवलं, मागे खोबरेल लावलं, मग अंधारात डालीखाली झाकून ठेवलं. गंगी पोट दाबायला निघाली होती, तिचा हात मी धरला. अंडं आत फुटलं तर कोंबडी वाचत नाही. दुपारनंतर डालीखाली अंडं होतं, पातळ कवचाचं, थोडं रक्ताळलेलं. गंगीला मी अंड्यांची कवचं भाजून, कुटून खाण्यात घालायला सांगितलं. आई त्या दिवशी इतकी खूश होती. म्हणाली, कोंबडीला दुखलं तरी ती सांगत नाही, आपणच तिच्याकडे बघायला हवं. तीच आई, रविना.

कवडीचं तसं नव्हतं. मी चाचपलं, अंडं कुठेच लागेना. पोट मात्र पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं मऊ आणि खाली लोंबलेलं. ती बदकासारखी पाय फाकवून उभी राहायची. नाचणी समोर टाकली की धावत यायची, दोन दाणे टिपायची आणि बाजूला व्हायची. छातीचं हाड हाताला लागायला लागलं, पोट तेवढं वाढत गेलं. कोमट पाणी झालं, चुना झाला, वेगळं ठेवून झालं. पशुवैद्यक साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, जुनी कोंबडी आहे, अंडाशयात गाठ असेल, आता फार करण्यासारखं नाही, तिला त्रास होऊ देऊ नका.

आणि मग ती आरवली. पौषातली सकाळ होती, समोर सिद्धगडही दिसत नव्हता एवढं धुकं. आई अंगण झाडत होती. खुराड्यावर चढून कवडीने मान लांब केली आणि कोंबड्यासारखी बांग दिली. आवाज फाटका होता, पण बांगच होती. आईच्या हातातला खराटा थांबला. पुढचं तुला सांगायला नको. कोंबडी आरवली की तिला त्याच दिवशी कापायची, घरात शिजवायची नाही, शिवेबाहेर टाकून यायचं, नाहीतर घरातलं माणूस जातं. बाबा कोयता शोधायला लागले. गंगी कुंपणावरून विचारायला लागली की तोंड कुठल्या दिशेला करून आरवली.

मी भांडले. अंडाशय बिघडलं की कोंबडीत कोंबड्याचे गुण येतात, हे आम्हाला शिकवलं होतं, ते मी सगळ्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, डॉक्टरणीने घरात चूल बघावी. त्याचं मला काही वाटलं नाही, त्यांचं रोजचंच आहे. मला लागलं ते आईचं. कुठल्याही कोंबडीसाठी बाबांशी वाद घालणारी बाई, त्या दिवशी भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, लवकर करा, लवकर टाकून या. तिचा चेहरा पांढरा पडला होता. कापायला मी हो म्हटलं, कारण कवडीचे हाल मलाही बघवत नव्हते. पण टाकण्याआधी मी तिला उघडून बघणार, यावर मी अडून बसले. अशी कोंबडी उघडायची नसते म्हणून बाबा ओरडले. मी ऐकलं नाही. घराची भीती एकदाची जावी म्हणून मला ते करायचं होतं. ओढ्याच्या काठी खडकावर मी बसले, आणि थोड्या वेळाने आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पोटात बलकांचा घोस असतो, लहान-मोठा, पिवळाधमक. तू कितीदा पाहिला आहेस. कवडीचं पोट उघडलं तर आधी पिवळट पाणी वाहिलं. घोस नव्हताच. त्या जागी करड्या, टणक गाठी होत्या आणि त्या आतड्यांना चिकटल्या होत्या. मी जिंकल्यासारखी आईला दाखवायला लागले. बघा, अपशकुन वगैरे काही नाही, दुखणं आहे. म्हणून पोट फुगलं. म्हणून दोन घासांत पोट भरायचं. म्हणून अंग वाळलं आणि पोट वाढलं. शिबिरात बोलावं तसं मी बोलत होते, खाली बघून. वर पाहिलं तेव्हा आई खडकावर बसली होती. एक हात पदराखाली पोटावर होता. म्हणाली,

“माझ्या पोटात पन आसंच हाय गो, दामिनी.”

मी तिचा हात बाजूला केला आणि पोट बघितलं. रविना, तिचे दंड काटकीसारखे झाले आहेत आणि पोट ताठ, फुगलेलं. अंगावर नऊवारी असली की कळत नाही. दसऱ्यापासून ती अर्धी भाकरी टाकून उठते, आम्ही म्हणायचो उपासतापास फार करते. नाचणी झोडायला बायका जमल्या होत्या तेव्हा गंगी आईकडे बघून चेष्टेने म्हणाली, बाईजाला दिवस गेले की काय, लेकीबरोबर आईचंही बाळंतपण करावं लागेल. सगळ्या हसल्या. मीही हसले, आईही हसली. तिची पाळी जाऊन किती वर्षं झाली, तुला माहीत आहे. तिला परत डाग पडायला लागले होते आणि ती पहाटे ओढ्यावर जाऊन कपडे धुवून येत होती, कोणाला दिसू नये म्हणून. हे सगळं तिने तिथे, कवडीसमोर बसून सांगितलं. मी रडले. ती रडली नाही.

मी म्हटलं उद्याच मुरबाडला जाऊ. तिने मला शपथ घातली. तिचं म्हणणं असं, की कोंबडी आरवली ती तिच्यासाठीच, आता डॉक्टरकडे जाऊन त्या दुखण्याला नाव दिलं तर त्याची सावली तुझ्या बाळंतपणावर पडेल. “रविनाची सुटका होऊ दे,” म्हणाली, “तवर कोनाला बोलायचा नाय.” चैत्रापर्यंत, रविना. तुझं बाळंतपण याच घरात व्हावं म्हणून तिने बाळंतविड्याचं सामान आणून ठेवलं आहे, डिंक, आळीव, सगळं. माझं डोकंच फिरलं. शपथ गेली खड्ड्यात म्हणून मी यांना सांगितलं. तुझा भाऊ तिच्याजवळ जाऊन बसला, विचारलं. ती म्हणाली, गॅस होतो रे पंकज. त्याने मान डोलावली आणि कामावर गेला. त्याला खोटं कळत नाही असं नाही, त्याला ते ऐकायची हिंमत होत नाही. मी त्याला दोष देत नाही.

मी डॉक्टर नाही, आणि आई कोंबडी नाही, हे मला कळतं. कवडीला उपाय नव्हता म्हणून आईला नसेल असं मुळीच नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना मी नाव न घेता सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, साधी गाठ असली तर काढून टाकतात, वाईट असली तरी लवकर कळलेलं बरं, पण पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं आणि पोट असं वाढलं तर एक आठवडाही थांबू नका. चैत्र तर किती लांब आहे.

म्हणून हे पत्र. तू पहिलटकरीण, तुला असं काही कळवू नये हे मला समजतं. लिहून फाडलं, परत लिहिलं. पण दुसरं कोणी उरलं नाही. माझ्यासाठी ती दवाखान्याची पायरी चढणार नाही, तुझ्यासाठी ती सिद्धगड चढेल. तू फोन कर आणि तिला शहापूरला बोलाव. म्हण, आई, मला घाबरायला होतं, तू चार दिवस माझ्याजवळ येऊन राहा. ती विचारणार नाही, पिशवी भरून निघेल. सरळगावहून किन्हवलीमार्गे मी तिला सोडायला येईन. तुझ्या तपासणीच्या दिवशी तिला बरोबर ने, आणि तिथल्या डॉक्टरबाईंना आधी सगळं सांगून ठेव, म्हणजे तू टेबलावरून उतरलीस की त्या तिला झोपायला सांगतील. तुझ्यासमोर ती नाही म्हणणार नाही. तुझ्याकडून खोटं बोलवून घेऊन आणि शपथ मोडून मी तिला फसवलं, हे तिला कळेलच. कळू दे, माझं नाव सांग. मग तिने वर्षानुवर्षं माझ्याशी अबोला धरला तरी मी सोसेन. अबोला धरायला ती घरात हवी, एवढंच मला हवं आहे.

तुझीच वहिनी,
दामिनी