लाल ठिपक्यावर हिरवा ठिपका

प्रिय ठिपक्या,

पत्र लगेच वाचायला बसू नकोस. आधी बायकोला आणि मुलीला माहेरी पाठव, आजच, मिळेल त्या गाडीने. मग दाराला कडी घाल आणि वाच. एक वेल्डर आणि त्याचे दोघे भाऊ तुझ्या घराकडे निघालेत. त्यांच्या हातून एक माणूस आधीच मेलाय. दुसऱ्याच्या वेळी ते फार विचार करत बसतील असं मला वाटत नाही.

फोन का केला नाहीस म्हणशील. मंगळवारपासून सतरा वेळा केला. दर वेळी बंद. आधी जीव घाबरा झाला, मग लक्षात आलं, तूही तोच फोन वापरतोस. कंपनीने तुम्हा साहेब लोकांना फुकट वाटलेला, सगळ्यात वरचं मॉडेल, बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की मान टाकणारं. हसू आलं रे मला, खरंच आलं. या सगळ्या राड्यात तेवढंच एकदा हसले. तुझ्या ऑफिसात विचारलं तर साहेब रजेवर आहेत म्हणाले. तुझ्या बायकोचा नंबर माझ्याकडे असायचं काही कारण नाही. पोलिसांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि ते गाव आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले. म्हणून आता पत्र. सुट्या भागांची गाडी पाचला निघते. ड्रायव्हर आपला जुनाच आहे, तुझ्या हातात दिल्याशिवाय हलणार नाही असं कबूल केलंय त्याने. आता दोन वाजलेत. तीन तास आहेत माझ्याकडे, आणि हे सगळं मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

मी माझ्याच टेबलावर बसून लिहितेय. तुझं शेजारचं टेबल आता उलटं पडलंय, त्याचा एक पाय निघालाय. त्याच पायाने वॉचमनकाकांना मारलं. फरशी काल धुतली, पण फटीत अजून काळपट राहिलंय. खुर्ची सरकवली की काच करकरते.

तुला आठवतं का रे, आपण दोघं इथे लागलो तेव्हा परत आलेल्या फोनांतले भाग तपासायचं काम नव्या माणसांच्या गळ्यात मारायचे? दिवसाला दीडशे बोर्ड. चिठ्ठ्या चिकटवून आपण वैतागलो होतो, हीट गनची गरम हवा लागली की चिठ्ठ्या उडायच्या. मग मी पर्समधून नेलपॉलिश काढलं. बाद बोर्डावर लाल ठिपका. चालणाऱ्यावर हिरवा, कारण ती हिरवी बाटली मी हौसेने घेतली होती आणि लावल्यावर बोटं कुजल्यासारखी दिसत होती. तू ती हिसकावूनच घेतलीस. बाद ठरवायचं माझ्याकडे, पास करायचं तुझ्याकडे. तुझे हिरवे ठिपके इतके नेटके असायचे की सगळे तुला ठिपक्याच म्हणायला लागले. एकदा जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या अंगठ्याच्या नखावर हिरवा ठिपका दिलास आणि म्हणालास, ही पण पास. मी तो दोन महिने पुसला नाही. नखाबरोबर वाढत वाढत तो टोकाला गेला, आणि शेवटी कापावा लागला तेव्हा तुझी मुख्य ऑफिसात बदली झालेली होती. तिथेच तुझं लग्नही ठरलं. बाटली तू बरोबर नेलीस. मला वाटलं, आठवण म्हणून नेलीस.

नवीन मॉडेल आलं तेव्हा दुकानाबाहेर रांग होती. लोकांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला फोन तो. पंधरा दिवसांत तीच रांग आमच्या दुरुस्ती केंद्राच्या काउंटरपुढे लागली. तापतो, अडकतो, कॅमेरा तर तीन वर्षांपूर्वीच्या फोनसारखाच. एका शिंप्याने दोन्ही फोन शेजारी ठेवून दाखवले आणि म्हणाला, बाई, कापड नवं लावलंत, अस्तर जुन्याच कोटाचं आहे. माणूस गोड बोलत होता तोवर ठीक होतं. वरून आम्हाला सांगितलेलं, अपडेट येईल म्हणा, कव्हर काढून वापरा म्हणा. आम्ही तेच म्हणत राहिलो, दिवसभर.

मग हात उठायला लागले. एका निवृत्त मास्तरांनी फोन काउंटरवर आपटायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, मोजून आपटत होते. अकराव्याला स्क्रीनचा चुरा झाला आणि त्यांच्या तळहातातून रक्त आलं, तरी थांबेनात. पुढच्या आठवड्यात एका बाईने फोन भिरकावला, तो काउंटरवरच्या पोरीच्या भुवईवर लागला. पाच टाके. पोर बावीस वर्षांची आहे, भुवई फाटली तरी ती अपडेट येईल, अपडेट येईल हेच पुटपुटत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आतून हीट गन घेऊन बाहेर आले आणि त्या बाईच्या नवऱ्याची कॉलर धरली. गन चालू होती रे. त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. वॉचमनकाकांनी मागून माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, पोरी, ह्यानं फोन बनवला नाही. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

वेल्डर पहिल्यांदा आला तेव्हा शांत होता. पत्र्याच्या डब्यात काळा पडलेला फोन घेऊन आला होता. त्याची बायको बहिणीशी बोलत होती, फोन चार्जिंगला होता, कानाशीच भडकला. उजवा कान उरला नाही, गाल जबड्यापर्यंत भाजला. तो मला म्हणाला, मी रोज आगीत हात घालतो, पण तोंडावर मुखवटा असतो, हातात मोजे असतात. घरात बसून बोलताना मुखवटा घालायचा असतो हे कुणी सांगितलं नाही. मला फक्त आत काय आहे ते दाखवा, असं म्हणाला. मी त्याच्यासमोर फोन उघडला. चार्जिंग बोर्डवरचा पत्रा उचकटला. पत्र्याखालचा कोपरा वाचला होता, आणि तिथे दोन ठिपके होते. खाली माझा लाल. त्यावर अर्धा चढलेला, गोल, नेटका, तुझा हिरवा.

तीन वर्षांपूर्वी मी बाद केलेला बोर्ड, ठिपक्या. मी हाताने भंगाराच्या खोक्यात टाकलेला. ती खोकी तुमच्या गोदामात जायची. तिथे तू बसला होतास, त्याच बाटलीसह, बाद माल नव्या फोनांसाठी पास करत.

मी त्या माणसाला काय सांगितलं असेल? अपडेट येईल. जळून कोळसा झालेला फोन समोर ठेवून मी त्याला हे सांगितलं.  तो डबा उचलून गेला.

सोमवारी दुपारी तिघं आले. लोखंडी गज घेऊन आले. आधी बाहेरची मोठी काच गेली, मग काउंटर, मग भिंतीवरचा तो जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबाचा फोटो. आलेली गिऱ्हाइकं पळाली नाहीत हे तुला सांगायला हवं. दोघं-तिघं उभी राहून बघत होती, आणि मास्तरांनी हाताला पट्टी बांधलेली असूनही खुर्ची उचलून कपाटावर घातली. वॉचमनकाका मधे पडले. ते काही पहिलवान नाहीत, बासष्टीचे गृहस्थ, शिट्टीसुद्धा जपून वाजवायचे. धाकट्या भावाने टेबलाचा पाय उपसला आणि त्यांच्या डोक्यात घातला. आवाज फार मोठा नव्हता. ते बसले, भिंतीला टेकून, जसे दुपारी बसायचे तसेच, आणि मग एका बाजूला कलंडले. त्यांच्या कानातून रक्त यायला लागलं. मंगळवारी सकाळी ते गेले. त्यांची बायको हॉस्पिटलात मला विचारत होती, भांडण कशावरून झालं? मी म्हटलं, फोनवरून. तिला वाटलं, फोनवर कुणी शिवी दिली.

काका पडले तरी वेल्डर थांबला नाही. तो आत आला, माझे केस मुठीत धरले आणि माझं तोंड टेबलावर दाबलं. खाली काच होती. गालावर दोन जखमा आहेत, एक बरीच खोल, आरशात बघवत नाही. त्याने तो बोर्ड माझ्या डोळ्यासमोर धरला आणि विचारलं, हे खुणेचं काय आहे, हे कुणी केलंय. मी बोलले नाही. त्याने डोकं पुन्हा आपटलं. तरी मी बोलले नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. 

पोलिसांना मी सांगितलंय की मारहाणीत नाव तोंडून निघालं. पेपरातही तसंच छापलंय, महिला कर्मचाऱ्यास धमकावून वगैरे. सगळे पाठीवर हात ठेवून जातात. तुलाही तेच सांगायचं ठरवून मी हे पत्र सुरू केलं होतं. पण आपल्या दोघांत ती सवय नव्हती. बाद तर बाद, पास तर पास, हेच आपलं काम होतं.

तेव्हा नीट वाच. त्याने माझे केस सोडले. कारण त्याच्या हाताला माझं रक्त लागलं आणि त्याला बहुधा बायकोचा गाल आठवला. तो मागे सरला, भिंतीला टेकला आणि रडायला लागला. भाऊ दाराकडे पळत होते, त्याला ओढत होते. तो निघालाच होता. एवढा मोठा माणूस पोरासारखा रडत निघाला होता आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. तेव्हा मी उठले, तोंडातलं रक्त थुंकले आणि त्याला तुझं नाव सांगितलं. विचारल्याशिवाय पत्ताही सांगितला. ऑफिसचा नाही, घराचा. तू दोन वर्षांपूर्वी पार्सलवर लिहिला होतास तो, तुझ्या अक्षरातला, मला पाठ आहे.

त्या क्षणी माझ्या मनात वॉचमनकाका नव्हते, ती भाजलेली बाईही नव्हती. मनात एवढंच होतं की मी बाद म्हटलं होतं आणि तू त्यावर पास लिहिलंस. माझा लाल ठिपका ओळखून लिहिलंस. तो कुणाचा आहे हे या जगात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. राग त्याचा होता. तुला आणि तुझ्या पोरीला मरणाच्या दारात उभं करावं इतका राग माझ्यात आहे, हे मला सोमवारपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. बोर्डवर ठिपके दोन होते. त्याने विचारलं, हे कुणी केलं, आणि मी एकाचंच नाव दिलं. वेल्डरच्या फोनात मी ते ठिपके पहिल्यांदा पाहिले असं तुला वाटलं असेल. नाही रे. रांग लागली त्या पहिल्याच आठवड्यात पाहिले होते. त्यानंतर असे दोनशे सहा फोन माझ्या हाताखालून गेले. प्रत्येकाचा पत्रा मी उचलला, तुझा हिरवा पाहिला, पत्रा परत दाबला, स्क्रू लावले आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिला. तुझं नाव बाहेर येऊ नये म्हणून. त्यातला एक वेल्डरच्या बायकोचा होता. भडकायच्या नऊ दिवस आधी तापतो म्हणून आली होती. दुरुस्तीच्या पावतीवर सही माझी आहे. गाडी निघाली की मी पोलिसांकडे जाते आणि तो दुसरा ठिपका कुणाचा ते सांगते. तू तुझं सांग. पण आधी पोरीला तिथून हलव.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची