पाइप उसळला त्या दिवशी

सेक्टर २२, चंदीगड
१४ मे १९८८

विश्वासदादास नमस्कार. साष्टांग या वेळी घालत नाही.

आईला सांग, मी सुखरूप आहे, जेवतोही वेळेवर. तिचे गुडघे कसे आहेत?

मला न विचारता तू साहेबांना लिहिलंस, 'तिकडे गोळीबार चालतो, भावाला साइटवर पाठवू नका.' त्यांनी मला ऑफिसात बसवलं.

मुल्लानपूरजवळ आमच्या पाइपलाइनला मोठं वळण आहे. वळण हलकं असेल तर लांब पाइप चरात आपसूक वाकतो. मोठं असेल तर तो आधी मशीनवर कायमचा वाकवून घ्यावाच लागतो. मशीन कर्फ्यूमुळे अंबाल्यात अडकलेलं. मी असतो तर काम थांबवलं असतं. माझ्या जागी आलेल्या शहाण्याने सरळ पाइपच क्रेनने ओढून वळणात बसवायला घेतला. पट्टा तुटला, पाइप उसळून सरळ झाला आणि आमच्या गुरमेल वेल्डरचा पाय गेला.

काल सेक्टर १६च्या इस्पितळात त्याला भेटलो. एवढंच म्हणाला, "साबजी, उस दिन आप कहाँ थे?"

त्याला उत्तर तू लिही. परक्यांना पत्रं लिहायची तुला सवय आहेच.

तुझा सुखरूप भाऊ,
नंदकुमार