फोर्कवर ठेवलेली काच

रविवार. सकाळी पाणी भरलं, पोहे केले. तळमजल्यावरचं शेवटचं बिऱ्हाड टेम्पो भरून गेलं. त्यानंतर दिवसभर तुमच्या मोटारसायकलपाशी होते.

आप्पा, आपली डोंबिवलीची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. हे वारल्यापासून मी घरात एकटीच आहे, उद्या मीही मुलाकडे घोडबंदर रोडला जाणार. गाडी जाणार की नाही, हे मात्र ठरत नव्हतं. इंजिन कोपरीच्या मिस्त्रींनी बांधून दिलं, बाकीची गाडी मी सावकाश जोडत आणली. पण पुढचं चाक धरणारा फोर्क बसवला तो वाकडा. चाक सरळ धरलं की हँडल डावीकडे वळलेलं. काल मुलाचा फोन आला. "आई, भंगारवाल्याला सोमवारचं सांगितलंय." मी म्हटलं, "अरे, सुरू होते ती." "सुरू होते, पण सरळ जाते का? आणि आणणार कोण? तू?" असं म्हणून हसला. मी म्हटलं, सरळ झाली तर मिस्त्री आणून देतील. "बरं, झाली तर आण. नाहीतर सोड तिचा नाद."

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. तुम्ही याच अंगणात फोर्क खोलून बसला आहात. तुमच्या मुलाला पान्याचा कंटाळा, तो पेपर घेऊन आत गेलेला. तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हाक मारता, "सूनबाई, खाली ये जरा. गाडीवर बसायचंय." मी कणकेच्या हातांनी खाली येते. वरून सासूबाई म्हणतात, "अहो, नवी सून ती. साडीत कुठे बसवताय तिला? सगळी गॅलरी बघतेय." "मग तू ये. तुझं वजनही जास्त आहे." गॅलरीत कुणीतरी हसलं. मी एका बाजूला पाय सोडून बसले तर तुम्ही म्हणालात, "तशी नाही. दोन्हीकडे पाय टाक, ब्रेक दाब आणि हँडलवर जोर दे." फोर्क खाली-वर झाला, मग तुम्ही आडवे होऊन बोल्ट आवळायला लागलात. मी उतरायला गेले तेव्हा ओरडलात, "हलू नकोस. वर भार असतानाच आवळायचं." पुढे फोर्क खोलला की हाक मलाच. त्या घरात बसून करायचं तेवढं एकच काम माझ्या वाट्याला होतं.

आज आधी काच हवी होती. फोर्कच्या दोन नळ्यांवर तुम्ही सपाट काच आडवी ठेवायचात. काच डुगडुगली की नळ्या एका पातळीत नाहीत. काचेच्या फळ्यांचं कपाट तर आठवड्यापूर्वीच गेलं. घरात एकच काच उरली होती, तुमच्या फोटोवरची. मी चहा केला, प्यायले, पुन्हा फोटोसमोर येऊन उभी राहिले. मग हार काढून ठेवला आणि मागचे खिळे उपसले. काचेशिवाय तुम्ही रागावलेले दिसत नाही. इतकी वर्षं तो नुसता काचेवरचा उजेड असावा.

काच ठेवली तर टकटक वाजली. बोल्ट सैल केले, चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवलं, पुन्हा ठेवली. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी वाजली नाही. आता वर बसायला माणूस हवं होतं. सवयीने खिडक्यांकडे पाहिलं, सगळ्यांची तावदानंही काढून नेलेली. मग हँडलला दोन्हीकडे पाण्याच्या बादल्या टांगल्या. उजवी जड झाली, म्हणून तिच्यातलं दोन तांबे पाणी काढलं. जुनी साडी अंथरून आडवी झाले आणि आवळलं. गाडी सुरू करून वर बसले आणि पहिल्या गिअरवर गेटपर्यंत नेली. हँडल सरळ राहिलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मिस्त्रींना मी फोन केलेलाच नाही. उद्या शीळ रस्त्याने मीच नेणार आहे. कुणी बघायला नाही याचं काही वाटत नाही, असं लिहिणार होते, पण वाटतं.

हातांना ऑइल आहे. ते धुते आणि वाटीभर तांदळाचा भात लावते.