तीन एजंट, तीन किल्ल्या

४ फेब्रुवारी

घर विकायचं ठरलं. म्हणजे लेकीने ठरवलं, मी मान हलवली. तिच्या शहरात, तिच्या शेजारच्याच इमारतीत तिने माझ्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत.

आता वाद एजंटवरून. सकाळी एक जण येऊन गेला, गळ्यात टाय. "मला एकट्यालाच द्या, तीन महिन्यांचा करार करू." लेक फोनवर म्हणाली, "एकाला कशाला? तो निवांत बसेल. तिघांना दे, चढाओढ लागली की लवकर विकलं जाईल."

बरोबर आहे तिचं. पण तिघांना द्यायचं म्हणजे तीन किल्ल्या करून द्यायच्या. मी दिवसभर क्लिनिकमध्ये, दार कोण उघडणार? अकरा वर्षांपूर्वी हे सकाळी दाढी करून बाहेर पडले, ऑफिसची बॅग घरीच. परत आले नाहीत. तेव्हापासून कुलूप बदललेलं नाही. का, ते इथे लिहायची गरज नाही.

७ फेब्रुवारी

दिल्या किल्ल्या. एक टायवाल्याला. एक कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला — दुकानाच्या मागच्या टेबलावर घरांचा धंदा करतो. तिसरी एका बाईंना. चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं.

११ फेब्रुवारी

सुट्टी होती. भांडी घासत होते. कुलपात किल्ली फिरली — आणि मी ओल्या हातांनी दारापर्यंत पोचलेसुद्धा.

"आलात?"

"हो, आलो," झेरॉक्सवाला म्हणाला. "फोन करणार होतो, राहूनच गेलं."

त्याच्या मागे एक नवरा-बायको. त्या बायकोने माझ्या हातांकडे पाहिलं. फरशीवर पाणी टपकत होतं. मी घाईघाईने पदराला हात पुसले आणि त्यांना बाल्कनी दाखवली.

१२ फेब्रुवारी

आज संध्याकाळी किल्ली दोनदा फिरली. दोन्ही वेळा उठले.

१६ फेब्रुवारी

टायवाला आतल्या खोलीत गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगत होता, "बाईंचे मिस्टर वारले. एकट्याच आहेत, किमतीचं जमवून घेतील." कानाच्या दवाखान्यात वीस वर्षं काढलेल्या बाईपासून लपवायला हळू बोलतोय. परवा झेरॉक्सवाल्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं — "साहेब परदेशात असतात." एकाच आठवड्यात हे वारलेही आणि परदेशीही गेले.

हसू आलं. मग बराच वेळ पलंगाच्या काठावर बसून राहिले. "वारले" हा शब्द या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. उच्चारल्यावर तो खोलीतच राहिला. टायवाल्याने कपाट उघडून दाखवलं, ह्यांचे शर्ट हाताने बाजूला सारले. "हे सगळं रिकामं होईल."

ते गेल्यावर शर्ट पुन्हा सारखे केले.

१८ फेब्रुवारी

क्लिनिकमध्ये एक आजोबा आले होते. कानाला हेडफोन लावून मी सांगते, आवाज आला की बटण दाबा. काही जण आवाज नसतानाही दाबतात. आजोबा तर सारखेच दाबत होते. "आला ना आता?" असं वर मलाच विचारत होते.

रागावले नाही. पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

२० फेब्रुवारी

चष्मेवाल्या बाई किल्ली असूनही बेल वाजवतात. का, म्हणून विचारलं.

"घरात माणूस राहतंय ना."

गिऱ्हाईक गेल्यावर त्या मागे थांबल्या. "लोक विचारतात, मालक कुठे असतात. काय सांगू?"

"माहीत नाही."

"मला नाहीच माहीत, म्हणून तर विचारते."

"तसं नाही. ते कुठे आहेत ते मलाच माहीत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग हेच सांगते," म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं — एकीलाच देणार.

"आई, वेळ लागेल."

"लागू दे."

"अगं, पण का?"

"कुलूप वाजलं की मला वाटतं..."

ती म्हणाली, "बरं. एकीलाच दे."

टायवाल्याने किल्ली पाकिटात घालून पाठवली. झेरॉक्सवाला तोंड वाकडं करून म्हणाला, "मॅडम, एकीच्या भरवशावर बसलात तर वर्ष काढाल इथे."

२७ मार्च

महिन्याहून जास्त झालं. बाईंनी सहा कुटुंबं आणली, सगळ्यांना खरं सांगितलं. दोन कुटुंबं दारातूनच परतली. माणूस निघून गेलेलं घर नको म्हणे. मेलेलं चालतं, निघून गेलेलं नाही.

आता कुलूप वाजत नाही. वाटलं होतं, बरं वाटेल. पण जेवताना घास हातातच राहतो. कान दाराकडे.

१९ एप्रिल

ठरलं. दोघी बहिणी घेताहेत, निवृत्त नर्स. धाकटीने सरळ विचारलं, "ते परत आले तर?"

माझा नवा पत्ता लिहून दिला. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवते म्हणाली. थोरली म्हणाली, "आधी चहा देऊ, मग पत्ता."

तेव्हा रडू आलं. लोकांसमोर.

३० एप्रिल

ताबा दिला. लेक आली होती. बाईंनी करारातली ओळ वाचली — घराच्या सर्व किल्ल्या. मी माझी ठेवली, लेकीची ठेवली, एजंटांसाठी केलेल्या तिन्ही ठेवल्या. मग पर्स उघडून आणखी एक ठेवली. ह्यांची. त्या सकाळी जाताना ह्यांनी ती स्वतःच ओट्यावर काढून ठेवली होती. पोलिसांना सांगितलं नव्हतं, लेकीला नाही, या वहीलाही नाही.

लेकीकडे बघायचा धीर होईना. तिनेच ती उचलून बाकीच्या किल्ल्यांमध्ये सारली.

"मी शाळेत होते तेव्हाच सापडली होती तुझ्या कपाटात," म्हणाली. "म्हटलं, तू वाट बघतेयस, तर बघू दे."