धाकट्याची लय

३ मार्च

रेकॉर्ड कंपनीचं पत्र. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मोडलेल्या आमच्या बँडची गाणी पुन्हा काढायची आहेत म्हणे. त्या दशकात फुटलेले गट शोधून मालिकाच काढतायत. पाचांपैकी उरलो दोघं — मी आणि माझा धाकटा भाऊ. दोघांच्या सह्या हव्यात.

करणार नाही. पुरलेलं उकरायचं कशाला?

७ मार्च

जुन्या टेप तपासणारे गृहस्थ आले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि न विचारता सुरूच केलं. आधी गाणं नाहीच — खोकला. गिटारवाल्याचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मग गायिकेचा आवाज, अगदी कानाशी: "खिडकी लाव गं."

मी उठून खिडकीपाशी गेले. बंदच होती.

त्या गृहस्थांनी काही पाहिलं नाही असं दाखवलं. सभ्य आहेत.

९ मार्च

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

शेवटचं रेकॉर्डिंग. प्रत्येक वेळी शेवटाकडे लय वाढायची, गाणं पळायचं. पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा तेच. मी पियानोवरून उठले आणि सगळ्यांसमोर धाकट्याला म्हणाले, "तुझ्या हातात लय नाही. उगाच आमचा वेळ खाऊ नकोस." एकोणीस वर्षांचा होता. ड्रमच्या काठ्या पिशवीत घातल्या आणि गेला. उलट बोलला असता तर बरं झालं असतं. दुसरा ड्रमवाला मिळेना. महिन्याभरात बँड बारगळला. त्याने जन्मभर गोदामात नोकरी केली, ड्रमला पुन्हा हात लावला नाही.

मला वाईट वाटलं नव्हतं. पुढे तीस वर्षं गणित शिकवलं. चुकीला चूकच म्हणत आले.

१० मार्च

कपड्यांच्या मशीनमधून त्याचा ठेका ऐकू येतो. मधेच बंद केलं. कपडे आत तसेच, ओले.

१४ मार्च

टेपवाले पुन्हा आले. प्रत्येक वाद्य टेपवर वेगळं नोंदलेलं आहे, त्यामुळे एकेकाला सुटं ऐकता येतं. ते गाणं मीच लावायला सांगितलं — म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे.

सुरुवातीला अर्धं मिनिट धाकटा एकटाच आहे. घड्याळ लावावं त्यावर! मग पियानो येतो. पियानो किंचित पुढे सरकतो. ड्रम त्याला गाठतो. पियानो आणखी पुढे; तो पुन्हा गाठतो. असा शेवटपर्यंत धावतोय माझ्यामागून. पाचही वेळा.

टेपवाले चष्मा पुसत म्हणाले, "पियानोवर कोण होतं?"

मी चहा टाकायला आत गेले. आधण आटेपर्यंत तिथेच उभी होते.

१५ मार्च

फोन उचलला. ठेवला.

१६ मार्च

तेच. शाळेत असल्या भित्रेपणाबद्दल मी मुलींना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

१८ मार्च

केला फोन. त्याला ऐकू फार कमी येतं. घसा फाटेपर्यंत ओरडले तरी तिकडून आपलं "काय? काय?" शेवटी त्याच्या सुनेने फोन घेतला. मी एक वाक्य बोलायचं, ते तिने त्याच्या कानाशी न्यायचं: "आत्या म्हणतायत, लय त्यांची पळत होती. तुम्ही त्यांना सांभाळून घेत होता." आयुष्यात एकदा चूक कबूल केली, तीही सुनेच्या तोंडून!

मग तिने त्याचं उत्तर सांगितलं. टेपवाल्यांचा काहीतरी घोटाळा असेल, म्हणाला. "ताईची लय चुकत नाही. माझीच पळायची. म्हणून तर तिच्या हाताकडे बघून वाजवायचो."

मी पुन्हा सांगितलं. मिनिट-सेकंदासकट. मागून त्याचं बोलणं मलाच ऐकू आलं — "मला बरं वाटावं म्हणून बोलतेय गं. तब्येत बरी आहे का विचार तिची."

१९ मार्च

पुरावा देऊनही पटेना — लय त्याचीच चुकते हे इतकं पक्कं कधी पटवलं होतं मी त्याला?

२६ मार्च

त्याची सही झालेला कागद आला. सहीखाली त्याच्या अक्षरात दोन ओळी: "ड्रमचा आवाज होईल तेवढा कमी ठेवावा. माझ्यापायी ताईचा पियानो बिघडायला नको."